अंजिराच्या झाडापर्यंत आई

"सोड हात. झाड आलं."

शाळेच्या वाटेवर रोज सकाळी मुलगी आईला असं सांगायची. आमच्या बेटावर बंदरापासून शाळेकडे एकच पायवाट चढते आणि शाळेच्या भिंतीला टेकून एक वाकडं अंजिराचं झाड उभं आहे. त्या झाडापर्यंत पोलिक्सेनी ही मिर्सिनीची आई. झाड ओलांडलं की बाई. दुपारी परतताना त्याच झाडाखाली बाईंची पुन्हा आई व्हायची, आणि मिर्सिनी सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर टाकायची, "आई, मांथोसने माझा खोडरबर चावला, आई, मला भूक लागलीय, आई, आज गणिताला किती चिडलीस गं तू!"

हा नियम कुणी केला ते दोघींनाही सांगता येत नसे. शाळा एका खोलीची. पहिली ते सहावीची मुलं एकत्र, शिकवायला एकटी पोलिक्सेनी, आणि त्या मुलांत स्वतःचं पोर. कुठेतरी रेघ मारायला हवी होती, ती त्या झाडापाशी मारली.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर मावशीकडे राहायचे. अथेन्सला नाटक शिकून आले होते आणि मावशीच्या दुकानात कॉफीचे कप विसळत होते. "नाटकवाली आहेस ना? मग पंचवीस मार्चच्या, स्वातंत्र्याच्या सणाचं नाटक तू बसव. माझा जीव तरी वाचेल," म्हणून पोलिक्सेनीने मला शाळेत ओढलं. तेव्हापासून सकाळी आम्ही तिघी चढायचो. झाडाशी दोन हात सुटताना मी रोज बघायचे. धाकटा हात आधी सुटायचा.

लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. पोलिक्सेनीच्या वर्गात हे उलटं होतं. दुसऱ्याचा तो बाब्या. तिची इथे बदली झाली त्या पहिल्या वर्षी एका कार्यक्रमात मिर्सिनीने कविता म्हटली होती, चांगली म्हटली होती. दुसऱ्याच दिवशी मारूसो आजी भर दुकानात म्हणाली, "हो तर! बाईंचीच लेक ती. गुण बाई देणार, कविता बाई देणार, टाळ्या तेवढ्या आम्ही द्यायच्या!"

मारूसो आजी म्हणजे गावच्या अध्यक्षांची, पानागोसची आई. तिचं बोलणं दुकानात सुरू होतं आणि कॉफी निवायच्या आत वरच्या चॅपलपर्यंत पोचतं. पोलिक्सेनीला ते असं लागलं की पुन्हा मिर्सिनीच्या वाट्याला कविता आली नाही. एका नाताळच्या नाटकात ती मेंढी होती, पुढच्यात गाढव.

"बढती मिळाली," मिर्सिनी मला डोळा मारून म्हणाली होती. "अशीच प्रगती राहिली तर पुढच्या वर्षी उंट."

पण पुढचं वर्ष या शाळेत नव्हतंच. सहावीनंतरची शाळा मोठ्या बेटावर. म्हणजे पंचवीस मार्चला झेंडा धरायचा असेल तर तो याच वर्षी. आमच्याकडे सणाच्या संचलनात सहावीतलं एक मूल शाळेतर्फे देशाचा झेंडा घेऊन पुढे चालतं. कोण, ते चिठ्ठी टाकून ठरतं. पूर्वी हुशार मुलालाच मिळायचा तो मान, आता देवाच्या हवाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या राष्ट्रीय सणाला मांथोसची चिठ्ठी निघाली होती. मांथोस म्हणजे पानागोसचा मुलगा.

त्या हिवाळ्यात आमच्या छतावर ठक-ठक चाले. मी वर जाऊन पाहिलं तर मिर्सिनीने बाबांचा जुना पट्टा खांद्यावरून तिरका बांधलेला, त्याला पुढे दुधाचा रिकामा डबा टांगलेला, त्या डब्यात झाडूचा दांडा. खरा झेंडासुद्धा असाच पट्ट्याच्या वाटीत रोवून धरतात. स्वयंपाकघरातून गच्चीवर, गच्चीवरून स्वयंपाकघरात.

"पोट आत, मान वर," मी म्हटलं.

"मान ठीक आहे गं. दांडा डुलतो. पट्टा लांब पडला की डुलतोच. इथे गाठ मारायची, बघ, काखेखाली. मग नाही हलत."

"आणि तुझी चिठ्ठी नाही निघाली तर?"

"निघेल. बाबा येतायत ना."

तिचे बाबा, स्ट्रातोस, तेलवाहू जहाजावर इंजिनिअर. सणाला घरी असण्याची त्यांची ही कितीतरी वर्षांतली पहिली वेळ. पोलिक्सेनी तेव्हा तिथेच वह्या तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "फरशीवर चरे पडतायत, मिर्सिनी." तेवढंच.

*

चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी मी वर्गातच होते, मागच्या बाकावर नाटकाच्या टोप्यांना गोंडे लावत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर. सहावीत तिघंच, मांथोस, एरिओला आणि मिर्सिनी. एरिओला म्हणजे अग्रोन गवंड्याची मुलगी. अग्रोन अल्बानियाहून आलेला, बेटावरच्या निम्म्या दगडी भिंती त्याने रचलेल्या. एरिओला इथलीच, आमच्याच बोलीत भांडणारी.

पोलिक्सेनीने मांथोसचं नाव वर्गाला दाखवलं, घडी घातली, डब्यात टाकलं. मग एरिओलाचं. आणि झाकण लावलं.

"बाई, मिर्सिनी राहिली!" मांथोस ओरडला.

"मिर्सिनी या वेळी नाही." पोलिक्सेनी झाकणाकडे बघत होती. "आमचं घरी ठरलंय तसं."

मी मिर्सिनीकडे पाहिलं. ती डब्याकडे बघत होती. मग तिने फळ्याकडे पाहिलं. वर्गात बोट वर केल्याशिवाय बोलायचं नाही हा बाईंचा नियम, आणि तो तिच्याइतका कुणी पाळत नसे. तिचं बोट बाकावर हललं, पण वर गेलं नाही. घरी काहीही ठरलेलं नव्हतं. तिच्या तोंडाकडे पाहून ते कळत होतं, पण पाहणारी मी एकटीच होते.

पहिलीतल्या चिमुरडीने डब्यात हात घातला. एरिओला.

"मी?" एरिओला उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. "बाई, नीट वाचा ना. मीच?"

"तूच गं बाई तूच!" मांथोसने तिच्या पाठीत गुद्दा घातला. "ऑक्टोबरात माझा हात दुखला होता, आता तुझा दुखू दे."

दुपारी आम्ही तिघी उतरू लागलो. अंजिराच्या फांद्यांवर नुकते हिरवे कोंब दिसायला लागले होते. पोलिक्सेनीने झाडाखाली नेहमीसारखा हात मागे केला.

"दप्तर जड आहे का गं? दे इकडे."

"नको, बाई."

पोलिक्सेनी हसायला गेली. "अगं, झाड गेलं मागे."

"हो, बाई," मिर्सिनी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

*

त्या दिवशी मसुराची डाळ निवडत पोलिक्सेनी ओट्याशी उभी होती. मी नाटकातल्या घागऱ्यांच्या चुण्या शिवत होते. मिर्सिनी बाहेर जिन्यावर, आमच्याकडे पाठ करून.

"बोल की काहीतरी," पोलिक्सेनी हळूच मला म्हणाली.

"काय बोलू? तू खोटं बोललीस."

"माहितेय मला."

"मग?"

"मग काय! तिचीच निघाली असती तर? डबा माझा, चिठ्ठ्या माझ्या, लेक माझी. मारूसोने मला जूनपर्यंत, वर्ष संपेपर्यंत, जगू दिलं नसतं. तू आज आहेस, उद्या नाटकात काम मिळालं की जाशील. मला रोज त्याच तोंडांसमोरून चढायचंय."

"आणि नसती निघाली तर?"

तिचा हात डाळीत थांबला. "ते मला सुचलंच नाही बघ. मी आठवडाभर एवढाच विचार करत होते की निघाली तर काय. पोरीचं नशीब फळफळेल याची भीती वाटत होती मला. अशी कुठली आई असते गं?"

मी दोऱ्याला गाठ मारली. ती बोलतच राहिली, हळू आवाजात, जिन्याकडे बघत.

"सकाळपासून लोकांच्या पोरांना विचारते, काय झालं राजा, कुणी रडवलं, बैस इथे, सांग मला. सगळं ऐकून घेते, खरंच घेते. आणि घरी आलं की हिला म्हणते, आता तू नको गं सुरू करूस. ही समजून घेते. लहानपणापासून घेते. म्हणून हिला विचारायचंच राहून गेलं. घरातल्या गहू-तांदळासारखं, आहेच म्हणून धरलं."

"मग आता तरी विचार."

"काय विचारू? झालं ते झालं, आता काय वाटतं तुला, असं?"

जिन्यावरून आवाज आला, "बाई, डाळ करपतेय."

डाळ अजून चुलीवर चढलीसुद्धा नव्हती. पोलिक्सेनीने तरी वळून पाहिलं.

*

दोन दिवसांनी तालमीच्या वेळी पानागोस शाळेच्या अंगणात आले. मागून काठी टेकत मारूसो आजी.

"बाई, हे काही बरं दिसत नाही," पानागोस म्हणाले.

"काय?"

"अग्रोन सोन्यासारखा माणूस आहे. माझ्या मळ्याची भिंत त्यानेच रचलीय. पण झेंडा म्हणजे झेंडा."

"एरिओला इथेच जन्मली, अध्यक्ष."

"बकऱ्यापण इथेच जन्मतात," मारूसो आजी म्हणाली. "त्यांना कुणी पुढे चालवत नाही."

"आई, तू गप्प बस गं जरा." पानागोसनी आवाज खाली आणला. "मी मांथोससाठी बोलत नाहीये. त्याचं झालं ऑक्टोबरात. मी तुमच्या लेकीसाठी बोलतोय. तीन मुलं आणि दोन चिठ्ठ्या, ही कसली सोडत? तिघांची नावं टाका, पुन्हा काढा. तुमची निघाली तर कुणी तोंड उघडणार नाही. माझा शब्द."

"मी उघडणार नाही," मारूसो आजी म्हणाली. "एवढी वर्षं पोरीला गाढव करून ठेवलंस, तेही काही शोभलं नाही हो बाई."

ज्या जिभेला घाबरून पोलिक्सेनीने आपल्या पोरीला बाजूला केलं होतं, तीच जीभ आता पोरीची बाजू घेत होती. पोलिक्सेनी भिंतीला हात टेकून उभी राहिली. पाण्याच्या नळापाशी मिर्सिनी उभी होती, ओठ ओले, नळ तसाच वाहता. तिने सगळं ऐकलं होतं.

"सोडत झालीय," पोलिक्सेनी म्हणाली. "पुन्हा होणार नाही."

नळ बंद झाला.

घरी जेवायला बसल्यावर मिर्सिनीने विचारलं, "पुन्हा का नाही काढत?" मीही ताटावर होते. उठावं की बसावं कळेना.

"कारण ते पुन्हा काढायला सांगतायत ते तुझ्यासाठी नाही. एरिओलाकडून काढून घ्यायचंय म्हणून. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"तिच्यावर अन्याय होईल."

"हो." मिर्सिनीने पावाचा तुकडा मोडला. "आणि माझ्यावर झाला तेव्हा?"

मिर्सिनीने वाट पाहिली, खरंच पाहिली. मग आपली ताटली उचलून धुवायला गेली.

*

सणाच्या आदल्या दिवशी बोट लागली. स्ट्रातोस पिशव्या खाली टाकून धक्क्यावरूनच ओरडले, "माझी झेंडेवाली कुठंय?"

"मी बाजूला चालणार आहे, बाबा. मागे-पुढे नाही, अगदी बाजूला." मिर्सिनीने त्यांची एक पिशवी उचलली. "घरी ठरलं आमचं."

"घरी? कधी ठरलं? मी होतो का घरी?" ते हसत होते. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हसणं राहिलं.

पंचवीस तारखेला सकाळी दक्षिणेचा वारा सुटला होता. शाळेच्या अंगणात मुलं पांढऱ्या सदऱ्यांत, निळ्या घागऱ्यांत आणि विजारींत, केस चापून बसवलेले. आयाबाया कुंपणाबाहेर. झेंडा भिंतीला टेकवून ठेवलेला. पानागोस गळ्यात टाय बांधून बायांशी कुजबुजत होते, आणि ती कुजबुज कुणाच्या कानावर जाऊ नये अशी त्यांचीही इच्छा दिसत नव्हती.

अग्रोन गवंडी एरिओलाचा हात धरून आला. इस्त्रीचा सदरा, नखांत मात्र चुना. तो सरळ पोलिक्सेनीसमोर येऊन उभा राहिला.

"बाई, भांडण नको. मला इथेच काम करायचंय, याच लोकांच्या भिंती बांधायच्यात. झेंडा दुसऱ्या कुणाला द्या. एरिओला बाजूला चालेल, तिला चालतंय." त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "आमचं घरी ठरलंय तसं."

एरिओला आपल्या बुटांकडे बघत होती. तिचं बोट घागऱ्याच्या कडेवर हलत होतं.

मी रंगमंचावर बरीच माणसं पांढरी पडताना पाहिलीत, पावडर लावून. पोलिक्सेनी तशी पडली नाही. ती लाल झाली, कानांपर्यंत.

"विचारलंत तिला?" ती म्हणाली.

"अं?"

"घरी ठरलं म्हणता. एरिओलाला विचारलंत का?"

अग्रोनने मुलीच्या डोक्यावरचा हात काढला.

"मीपण नव्हतं विचारलं." आता ती कुंपणाकडे वळली, आवाज वर्गातला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "त्या दिवशी मी मुलांसमोर म्हटलं, आमचं घरी ठरलंय. काही ठरलं नव्हतं. मिर्सिनीला ठाऊकही नव्हतं. तिचं नाव निघालं तर तुम्ही काय म्हणाल या भीतीने मी तिचं नाव टाकलंच नाही, आणि खोटं बोलले. मुलांनो, बाई खोटं बोलल्या."

पहिलीतली चिमुरडी ओठांवर हात ठेवून उभी. कुणी खोकलं.

"बघा!" पानागोसना सापडलं ते. "म्हणजे सोडत बाद! मी तेच म्हणत होतो. आणा तो डबा. बोल पोरी, तुझी चिठ्ठी टाकायची ना?"

सगळं अंगण मिर्सिनीकडे वळलं. स्ट्रातोस एक पाऊल पुढे आले, थांबले. इथे एखाद्या नाटकात मुलगी म्हणाली असती, नको, मला काही नको. मिर्सिनी अजून लहान होती, आणि तिला झेंडा हवा होता.

"हो," ती म्हणाली. "टाका."

"झालं तर मग!"

"नाही," पोलिक्सेनी म्हणाली.

"अहो बाई, आता तर तुम्हीच कबूल..."

"चूक माझी, अध्यक्ष. तिची भरपाई मी एरिओलाकडून करून घेणार नाही. तिचं नाव निघालंय, झेंडा ती धरेल. वर तक्रार करायची तर करा, मी लिहून देते काय केलं ते." मग ती मुलीसमोर खाली बसली, गुडघे मातीत. आवाज आता वर्गातला नव्हता. "तुझं होतं ते मी घेतलं. आणि मला ते परत देता येत नाहीये. दिलं तर तिचं जातं."

मिर्सिनीच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण खाली पडू दिलं नाही तिने.

"कळलं, बाई," ती म्हणाली.

*

ढोल वाजला. एरिओला पुढे, डावीकडे मांथोस, उजवीकडे मिर्सिनी, मागे उरलेली मुलं, कडेने पोलिक्सेनी. बंदराकडच्या उतारावर वाऱ्याने झेंडा धरला आणि एरिओला डुलायला लागली. पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा, तिच्या खांद्यावरून घसरत होता. दांडा वाटीतून निसटू लागला. वाटेच्या कडेला उभ्या बायांपैकी कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

मिर्सिनीने पाऊल चुकवलं नाही. चालता चालता दोन्ही हात घातले, पट्टा एरिओलाच्या काखेखाली ओढला, एका झटक्यात गाठ मारली.

"मान वर," तिचे ओठ हललेले मला दिसले. "आता नाही हलत."

दांडा हलला नाही. बंदरावरच्या शहिदांच्या स्मारकापर्यंत सरळ गेला. अग्रोन गर्दीच्या मागे एका भिंतीवर चढून बघत होता, स्वतःच रचलेल्या. मारूसो आजीने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसाठी की फक्त नातवासाठी, ते तिचं तिला ठाऊक.

झेंडा शाळेत ठेवून आम्ही घरी निघालो. आज सगळ्यांच्या घरी तळलेला खारा मासा आणि बटाट्यात कुटलेला लसूण. स्ट्रातोस पुढे चालत होते, बायकोशी सकाळपासून मोजून बोलत. मी मुद्दाम मागे राहिले.

अंजिराच्या झाडाखाली पोलिक्सेनीचा हात सवयीने मागे गेला आणि उघडला. तो तसाच राहिला, बोटं वाऱ्यात. मिर्सिनीने तो पाहिला. ती झाडाखालून निघाली, हाताच्या शेजारून, हात न धरता. उतारावर काही पावलं दोघी पुढे-मागे चालल्या.

"लसूण मी कुटते," मिर्सिनी मागे न बघता म्हणाली. बाई म्हणाली नाही. आईही म्हणाली नाही.

पोलिक्सेनीने हात खिशात घातला.

"बरं," ती म्हणाली. "खलबत्ता वरच्या फळीवर आहे. मी काढून देऊ का?"

ती थांबली. उत्तराची वाट बघत थांबली.

मिर्सिनीने बराच विचार केला.

"मी काढेन," ती म्हणाली. "तुम्ही मासा बघा."